स्पर्श ओळखणारे की-बोर्ड आणि ऑर्केस्ट्राचे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझी रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे. भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, कधी एखाद्या लघुपटाचं पार्श्वसंगीत अशी कामं तिथे चालतात. गेली काही वर्षं व्हायोलिन, चेलो, बासरी, हॉर्न हे आवाज मी स्पर्श ओळखणाऱ्या की-बोर्डवर वाजवतो. नांदेड, हिंगोली, जालना, लातूरकडचे वादक त्याबद्दल विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्या गणपतीत, जत्रेत असतो तो का?

नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की हिंदी-मराठी गाण्यांचा स्टेजवरचा कार्यक्रम डोळ्यापुढे येतो. इथे मी पाश्चात्त्य वाद्यवृंदाबद्दल बोलतोय: व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास ही गजाची वाद्यं, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, आणि टिंपनीसारखी तालवाद्यं. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात जो भरलेला आवाज ऐकू येतो, तो.

साध्या की-बोर्डवर व्हायोलिन खोटं का वाटतं? आवाज तर खऱ्या व्हायोलिनचाच रेकॉर्ड केलेला असतो.

साधा की-बोर्ड तुमचं एकदाच ऐकतो. पट्टी दाबली, किती जोरात दाबली ते त्याने टिपलं, की त्याचं काम संपलं. पियानोला एवढं पुरतं. हातोडी तारेवर पडल्यावर पियानोवादकाच्याही हातात फार काही उरत नाही, स्वर आपला विझत जातो. व्हायोलिनवर मात्र गज तारेवर आहे तोवर वादक स्वर घडवतच असतो. सुरुवात दबकी, मग भरणं, मध्येच किंचित कंप, शेवटी गज हलका करत सोडणं. बासरीत हेच काम फुंकर करते. ऑर्केस्ट्रातली टाळी, हातोडी, काठी लागणारी वाद्यं सोडली तर बाकी सगळ्यांचा जीव स्वर सुरू झाल्यानंतरच्या भागात आहे.

आपल्यातले बहुतेक जण पेटीवर शिकलेले आहेत, म्हणून पेटीवरच बघा. उजव्या हाताने एक पट्टी दाबून धरा आणि डाव्या हाताने भाता द्या. भाता हळू दिला तर स्वर कुजबुजतो, भरून दिला तर उघडतो, थांबवला तर संपतो. चांगल्या पेटीवाल्याचा निम्मा रियाज डाव्या हाताचा असतो. मग घरात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आला आणि भाता गेला. डाव्या हाताला कॉर्ड मिळाले, पण स्वर आतून हलवायची सोय राहिली नाही. व्हायोलिन खोटं वाटतं ते त्यामुळे. स्पर्श ओळखणारा की-बोर्ड हा भाता परत देतो, आणि तोही प्रत्येक बोटाला वेगळा. खाली मी पुन:पुन्हा भात्याकडे वळणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे.

या की-बोर्डला नेमकं काय काय कळतं?

पाच गोष्टी, पण प्रत्येक की-बोर्डला पाचही कळतातच असं नाही. बोट किती वेगाने पडलं. पडल्यावर किती दाबलं आणि तो दाब कसा बदलतोय. बोट डावी-उजवीकडे किती सरकलं. पुढे-मागे किती सरकलं. आणि किती वेगाने उचललं.

ऑर्केस्ट्राच्या भाषेत बोलायचं तर पडण्याचा वेग म्हणजे गज तारेवर कसा टेकला ते. दाब म्हणजे गजाचा जोर किंवा फुंकर. डावी-उजवी हालचाल म्हणजे कंप आणि मींड. पुढे-मागे सरकण्याने आवाजाचा रंग बदलायचा. उचलण्याचा वेग बहुतेक आवाजांत फारसा वापरलेला नसतो, त्याची काळजी सुरुवातीला करू नका.

एमपीई, एमपीई म्हणतात ते काय?

की-बोर्ड आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी, ती १९८३ पासून वापरात आहे. त्यात सोळा चॅनल, म्हणजे निरोप जाण्याच्या सोळा वाटा असतात, आणि पिच बेंड, म्हणजे स्वर वाकवण्याचा निरोप, हा पूर्ण चॅनलला लागू होतो. म्हणजे एका चॅनलवर तीन स्वर धरून पिच बेंडचं व्हील (चाक) फिरवलं की तिन्ही स्वर एकदमच वाकणार, एकटा मधला वाकवता येत नाही.

यावर युक्ती निघाली ती एमपीई, म्हणजे मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन: दाबलेल्या प्रत्येक स्वराला त्याचा स्वतःचा चॅनल द्यायचा. पहिलं बोट दुसऱ्या चॅनलवर, दुसरं बोट तिसऱ्यावर, असं सोळापर्यंत. पहिला चॅनल सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ पेडल, राखून ठेवायचा. मग प्रत्येक बोटाचा वाक, दाब आणि रंग वेगळा पाठवता येतो. पुढे-मागे सरकण्यासाठी ७४ क्रमांकाचा कंट्रोल (मिडीतला एक ठरलेला निरोप) ठरवला गेला. ही पद्धत आधीपासून वापरात होती, जानेवारी २०१८ मध्ये ती मिडीचा अधिकृत भाग झाली.

मिडी २.० आलंय म्हणतात. तोवर थांबू का?

थांबू नका. ते २०२० मध्ये जाहीर झालं, पण आज बाजारात असलेली अशी बहुतेक वाद्यं आणि आवाज एमपीईवर चालतात.

कोणकोणते की-बोर्ड आहेत?

चार नावं सांगतो. लंडनच्या रोलीचा सीबोर्ड: वर अखंड मऊ सिलिकॉन, पट्ट्यांच्या जागी लाटांसारखे उंचवटे, आणि त्यांच्या वर-खाली सपाट पट्टा, ज्यावर बोट घसरवलं की स्वर सलग सरकतो. फ्रान्सच्या एक्स्प्रेसिव्ह ई कंपनीचा ओस्मोस: दिसायला साधा ४९ पट्ट्यांचा की-बोर्ड, पण प्रत्येक पट्टी दाबाच्या वेगवेगळ्या खोलीवर वेगळी वागते आणि डावी-उजवीकडे हलतेसुद्धा. रॉजर लिन यांचं लिनस्ट्रुमेंट: पट्ट्या नाहीतच, चौकटी आहेत, आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत पंचवीस. आणि अमेरिकेतल्या लिपोल्ड हाकेन यांचा कंटिन्युअम: एक लांब सपाट मऊ पृष्ठभाग. हा सगळ्यांत बारीक ऐकतो आणि सगळ्यांत जास्त सुरेलपणा मागतो, कारण त्यावर बोट नेमकं टेकवायची जबाबदारी आपली.

ही कल्पना नवी नाही. मॉरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने १९२८ मध्ये ओंद मार्तनो हे विजेवरचं वाद्य लोकांपुढे आणलं. त्याच्या पट्ट्या आडव्या हलवल्या की कंप यायचा, आणि डाव्या हाताखाली एक बटण असायचं, ते जितकं दाबाल तितका आवाज मोठा. मार्तनो स्वतः चेलो वाजवायचे. चेलोवाल्याला वाद्य बनवायला दिलं की तो पहिल्यांदा गजाची सोय करणार, हे मला फार पटतं. पुढे १९७०च्या दशकात यामाहाच्या सीएस-८० मध्ये प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखायची सोय होती.

मी पेटी वाजवतो. मला यातलं कोणतं जमेल?

ओस्मोससारखं, खऱ्या पट्ट्यांचं. बोटांना जागा माहीत असते, त्यामुळे सगळं लक्ष दाबाकडे देता येतं. सीबोर्डवर काळी आणि पांढरी यांच्यातली उंची कमी असते, पहिले दोन-तीन आठवडे बोटं चुकतात. बोट जरा तिरकं पडलं तरी स्वर हलतो. बऱ्याच जणांचा तिथेच धीर सुटतो. तो सुटू देऊ नका, सेटिंगमध्ये सुरुवातीचा स्वर आपोआप नेमक्या जागी बसवण्याची सोय असते, ती चालू ठेवा आणि हात बसला की हळूहळू कमी करा.

गिटार किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांना लिनस्ट्रुमेंट सोपं जातं. त्याच्या ओळी मूळ सेटिंगमध्ये एकमेकींपासून सा-म अंतरावर लावलेल्या असतात, तारांसारख्या.

माझ्याकडे साधा की-बोर्ड आहे. लगेच नवीन घेऊ का?

नको. आधी सहा महिने हे करा. ऑर्केस्ट्राच्या बहुतेक लायब्ऱ्यांत, म्हणजे संगणकावरच्या आवाजांच्या संचांत, मॉड्युलेशन व्हीलवर (की-बोर्डच्या डाव्या कडेचं चाक), म्हणजे कंट्रोल क्रमांक १ वर, आवाजाचा जोर ठेवलेला असतो आणि ११ क्रमांकावर एक्स्प्रेशन. उजव्या हाताने सूर वाजवा आणि डावा हात व्हीलवर ठेवा. हा तुमचा भाता. पेटीवर जसा स्वराआधी भात्यात वारा भरता तसं व्हील स्वराच्या किंचित आधी हलायला हवं. व्हील नसेल तर एक्स्प्रेशन पेडल लावा, पायपेटीवाल्यांना ते लगेच जमतं.

सहा महिन्यांत दोनपैकी एक गोष्ट होईल. एक तर तुमचं काम यातच भागेल, आणि पुष्कळांचं भागतं. किंवा तुम्हाला जाणवू लागेल की कंप द्यायला हात उरत नाही, दोन सुरांपैकी एकच फुलवायचाय आणि दोन्ही फुलतायत. ही अडचण हाताला जाणवली की मग पैसे खर्च करा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी व्हीलवर बसवतो ते यासाठीच. ज्याला व्हीलवर चेलो गाता येत नाही त्याला महागड्या पृष्ठभागावरही येत नाही, हे मी पुरेसं पाहिलं आहे.

कोणते आवाज घ्यावेत?

फसगत होते ती इथे, म्हणून नीट वाचा. ऑर्केस्ट्राचे आवाज दोन जातींचे असतात.

पहिली जात सॅम्पलची. खऱ्या वादकांनी प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा वाजवलेला असतो आणि ते तुकडे साठवलेले असतात. तुम्ही व्हील वर नेलं की हळू वाजवलेला तुकडा मागे पडून जोरातला पुढे येतो. सोळा व्हायोलिनच्या ताफ्यात हा बदल कळत नाही. एकट्या व्हायोलिनमध्ये कळतो, कारण मध्ये क्षणभर दोन व्हायोलिनं एकत्र वाजल्यासारखी होतात आणि आवाज पोकळ होतो. शिवाय कंप रेकॉर्डिंगमध्येच आलेला असतो, तो बोटाने थांबवता येत नाही. अशा बहुतेक लायब्ऱ्या एमपीई डोळ्यापुढे ठेवून केलेल्या नाहीत. की-बोर्ड लाखाचा असला तरी त्या फक्त एकच दाब ऐकणार.

दुसरी जात गणिती प्रतिरूपाची. यात तार, गज, नळी, ओठ कसे वागतात याचं गणित संगणक त्या क्षणी सोडवतो आणि आवाज तिथल्या तिथे तयार होतो. ऑडिओ मॉडेलिंग या इटालियन कंपनीचे स्वॅम नावाचे आवाज या जातीचे आहेत. दाब वाढवला की गज खरंच दाबल्यासारखा आवाज खरवडतो, कमी केला की तार नुसती श्वास घेते. कच्चा आवाज ऐकला तर सॅम्पलइतका देखणा वाटत नाही, थोडा कोरडा वाटतो. त्याला खोलीचा घुमारा द्यावा लागतो. पण हाताखाली तो जिवंत असतो.

माझी पद्धत सांगतो. मागचा ताफा सॅम्पलचा, त्यासाठी व्हील पुरतं. पुढे गाणारं एकटं वाद्य, म्हणजे चेलो, ओबो, हॉर्न, हे गणिती प्रतिरूपाचं आणि स्पर्शावर. पुढचं एक वाद्य बोलकं असलं की मागचे सोळाही खरे वाटू लागतात.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर स्पिटफायर कंपनीची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही लायब्ररी घ्या, ताफ्याचे आवाज व्हीलवर शिकायला चांगलं आहे. बोटागणिक दाब आणि वाक कसा चालतो हे समजायला सर्ज एक्सटी आणि व्हायटल ही सिंथची, म्हणजे संगणकावर कृत्रिम आवाज घडवणारी सॉफ्टवेअर आहेत, दोन्हींत एमपीई आहे. सर्ज पूर्ण मोफत, व्हायटलची एक आवृत्ती मोफत. ते ऑर्केस्ट्राचे आवाज नाहीत, पण हात तयार होतो.

सगळं जोडलं, पण स्वर बेसूर वाजतात. जरा बोट हललं की भलतीकडे जातात.

दहातल्या नऊ फोनचं कारण हेच निघतं. की-बोर्डचा पिच बेंड आणि सॉफ्टवेअरचा पिच बेंड यांचा आकडा सारखा नाही. एमपीईत तो दोन्ही दिशांना ४८ श्रुत्यांतरांचा, म्हणजे चार सप्तकांचा धरलेला असतो. (श्रुत्यांतर म्हणजे इथे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर.) साध्या आवाजात तो फक्त २ असतो. की-बोर्ड ४८च्या हिशोबाने बोलतो आणि आवाज २च्या हिशोबाने ऐकतो, मग सरकवलेला स्वर कुठेच पोचत नाही. उलटं असेल तर नखभर हालचालीला स्वर सप्तक ओलांडतो.

माझ्यावर हा प्रसंग एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये आला. नाटुकल्याला चेलो द्यायचा होता. घरी सगळं बरोबर होतं, तिथे आयत्या वेळी दुसरा आवाज उघडला आणि आकडा बघायचा राहिला. पहिला स्वर ठीक लागला, कंप द्यायला गेलो आणि मुलं चमकून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हापासून मी प्रत्येक आवाजाच्या नावातच त्याचा आकडा लिहून ठेवतो: ‘चेलो ४८’, ‘हॉर्न १२’. तुम्हीही लिहा.

आवाज ४८ घेतच नसेल तर की-बोर्डला त्याच्या आकड्यावर आणा, आणि एमपीई बंद करून एकाच चॅनलवर, एका वेळी एकच स्वर वाजवा. बासरीला, ट्रम्पेटला तसाही एका वेळी एकच स्वर असतो.

वाजवताना नीट असतं, रेकॉर्ड केल्यावर बिघडतं.

ट्रॅक एकाच चॅनलवर रेकॉर्ड करतोय, बाकीच्या बोटांचं बोलणं गळून जातंय. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असेल तर ट्रॅकच्या इनपुटला सगळे चॅनल निवडा. लॉजिक, क्युबेस आणि बिटविगमध्ये एमपीईची सोय आहे, ती त्या ट्रॅकवर चालू करावी लागते. एबलटन लाइव्हमध्ये ही सोय अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर व्यर्थ डोकं लावू नका.

चार बोटांखाली चार वाद्यं ठेवता येतात का? पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो?

येतात, पण चॅनल दोनवर व्हायोलिन आणि तीनवर व्हिओला असं लावून जमणार नाही. एमपीईत चॅनल बोटाच्या क्रमाने मिळतात, वाद्याच्या नाही. जे बोट आधी पडेल ते पुढचा मोकळा चॅनल घेईल, आणि चेलोचा स्वर व्हायोलिनला जाईल. जागेवरून वाटणी करा: की-बोर्डचा खालचा भाग चेलोला, मधला व्हिओलाला, वरचा व्हायोलिनला. लिनस्ट्रुमेंटमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा चॅनल देता येतो, तिथे हे सरळ होतं.

मी मात्र चारही वाद्यांचे सूर वेगवेगळे, एकामागून एक वाजवून रेकॉर्ड करतो. वेळ लागतो. पण चार माणसं जशी एकमेकांना ऐकत वाजवतात तसं प्रत्येक सुराला आधीचा सूर ऐकून वाजवता येतं, आणि त्यांच्यात जी केसभर मागे-पुढे होते ती खरी होते.

कंप कसा द्यायचा? माझा कंप बकरीसारखा येतो.

वेग आणि रुंदी दोन्ही जास्त होतात म्हणून. व्हायोलिनचा कंप सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा हलतो, आणि रुंदी अगदी थोडी. बोटाचं पेर हलवू नका, मनगटातून हलवा. आणि मुख्य म्हणजे स्वर लागल्या लागल्या कंप सुरू करू नका. आधी स्वर सरळ धरा, दाबाने थोडा भरा, मग कंप येऊ द्या. छोट्या स्वरांना कंप नकोच. ज्याला गाण्याचा कान आहे त्याला हे सांगावं लागत नाही, पण हातात नवीन खेळणं आलं की तो कानही गप्प बसतो.

बोट उचलताना शेवटी आवाज एकदम विझतो किंवा तुटतो.

उचलताना दाब आधी शून्यावर येतो, मग स्वर बंद झाल्याचा निरोप जातो. त्यामुळे खोलीत रेंगाळणारा शेवटचा आवाजही दाबाबरोबर खाली जातो. दोन उपाय आहेत. दाबाचा आलेख असा लावा की बोट नुसतं टेकलेलं असतानाही आवाज पूर्ण शून्य होऊ नये, थोडा तळ राहावा. आणि घुमारा आवाजाच्या आतला न वापरता बाहेरून द्या, म्हणजे स्वर संपला तरी घुमारा आपला राहतो.

उलट अडचण सुरुवातीला येते. दाब शून्यापासून चढतो म्हणून प्रत्येक स्वर हळूच उगवतो. हळुवार चेलोला ते छान आहे, ठसक्यात वाजवायच्या ट्रम्पेटला नाही. तिथे सुरुवातीचा ठसका बोट पडण्याच्या वेगावर ठेवा आणि पुढचं दाबावर.

रियाज कसा करायचा?

तानपुऱ्याचं ॲप लावा. एकच स्वर धरा. मनात आठ मोजत तो शून्यापासून पूर्ण भरा, पुढचे आठ मोजत परत शून्यावर आणा. मध्ये कुठेही पायरी जाणवता कामा नये. नवशिक्याचा स्वर तिसऱ्या-चौथ्या मात्रेलाच भरून जातो आणि पुढे जायला जागा उरत नाही. ज्वारीची भाकरी थापताना हात जसा पिठाचं ऐकत दाब वाढवतो तसं आहे हे. जोराचं काम नाही. रोज दहा मिनिटं एवढंच करा. मग दोन स्वर घ्या, पहिला उतरत असताना दुसरा त्याच जोरावर उचलायचा.

दुसरा धडा मला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका मामांनी दिला. ते एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला आले होते. रीड ओठात भिजवत बसले होते आणि मी स्पर्शावर क्लॅरिनेटचा एक सूर त्यांना ऐकवत होतो. आवाज त्यांना आवडला. पण अर्ध्यातच म्हणाले, “बटनं दाबायलास तू. दम कुठं घ्यायलास?” मला कळेना. त्यांनी स्वतः तोच सूर वाजवला, आणि जिथे श्वास घेतला तिथे डाव्या हाताचं बोट वर करून दाखवलं. माझ्या वाजवण्यात तशी जागाच नव्हती. कुठल्याही माणसाला एका दमात जमणार नाही एवढं लांब मी न थांबता वाजवलं होतं. मग त्यांनी मला तो सूर तोंडाने फुंकर सोडत सोडत वाजवायला लावला. दम संपला की बोट उचलायचं, श्वास घ्यायचा, पुढचं. तिसऱ्या वेळी तो सूर क्लॅरिनेटचा वाटला. सेटिंग एकही बदललं नव्हतं.

तेव्हापासून फुंकीचं कुठलंही वाद्य मी तोंडाने फुंकत वाजवतो. गजाच्या वाद्याला हवेत हात फिरवून बघतो, गज कुठे संपेल, कुठे परत फिरेल. तुमच्या गावात बँड असेलच. त्यातल्या ट्रम्पेटवाल्याजवळ, क्लॅरिनेटवाल्याजवळ अर्धा तास बसा.

कोणत्या वाद्याला कुठपर्यंत वाजवायचं?

खालची हद्द पाळा, कान तिथेच फसवणूक पकडतो. की-बोर्डच्या मधल्या पांढरी एकपासून मोजा. व्हायोलिन त्याच्या खालच्या पांढरी पाचच्या खाली जात नाही. व्हिओला एक सप्तक खालच्या पांढरी एकपर्यंत, चेलो दोन सप्तकं खालच्या पांढरी एकपर्यंत. बासरी साधारण मधल्या पांढरी एकपासूनच सुरू होते. गायक काळी चारमध्ये गातोय म्हणून ट्रान्सपोजचं बटण दाबलं तर वाद्यंही आपापली हद्द ओलांडतात, हे ध्यानात ठेवा.

मींड, आंदोलन, सनईचा बाज यावर येतो का?

येतो, आणि सुंदर येतो. पेटीवर हे होत नाही हा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती याच वादातून, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. इथे दरबारीतला कोमल गंधार बोटाखाली झुलवता येतो. ओबोचा आवाज घेऊन त्यावर हळूहळू सनईची वळणं काढली तर ऐकणारा मान वर करतो. फक्त स्वर नेमक्या जागी बसवण्याची आपोआप सोय बंद करा, नाहीतर ती गंधाराला प्रत्येक वेळी पट्टीवर ओढून आणेल.

दाबल्यावर आवाज उशिरा येतो.

ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज आत-बाहेर नेणारी डबी) घ्या, त्याचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, टाका आणि बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तयार करतो तो, १२८ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८चा बफर म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद, ५१२ म्हणजे जवळजवळ बारा. ब्लूटूथचे हेडफोन वापरू नका. सॅम्पलच्या लायब्रऱ्यांत एका स्वरातून दुसऱ्यात सरकताना जो उशीर होतो तो रेकॉर्डिंगमधलाच असतो, बफरने जात नाही. ते ट्रॅक नंतर थोडे पुढे ओढून घ्यावे लागतात.

संगणक कसा लागेल?

सॅम्पलला १६ जीबी रॅम आणि एसएसडी. गणिती प्रतिरूपाला रॅम कमी पण प्रोसेसर चांगला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, लाईट जाण्यात हे टिकतं का?

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नका. मांडवात पत्र्याखाली दुपारी मांडून ठेवू नका, बॅगेतून आयत्या वेळी काढा. सिलिकॉनवर धूळ चिकटते आणि बोट अडखळू लागतं; ओल्या मऊ कापडाने पुसा, मग कोरड्याने. थिनर, स्पिरिट लावू नका. घामाचा हात आणि कोरडा हात यांत घसरण वेगळी असते, म्हणून जवळ छोटा पंचा ठेवा.

लाईटचं म्हणाल तर की-बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत असेल तर त्याला धोका नाही, धोका इंटरफेसला आणि मिक्सरला. मंडपातल्या जनरेटरवर काहीही थेट लावू नका, मध्ये यूपीएस ठेवा. यूएसबीची वायर दोन नेत जा.

यामुळे खऱ्या वादकांचं काम जाईल का?

परभणीत चेलोवाला मिळत नाही, म्हणून माझा चेलो स्पर्शावर आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सनई, व्हायोलिन वाजवणारे मात्र आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ते मिळत असतील तर त्यांना बोलवा आणि पैसे द्या. मी पुढचं वाद्य खऱ्या माणसाचं आणि मागचा ताफा स्पर्शावरचा असं पुष्कळदा करतो. एक खरा श्वास मिसळला की सगळा आवाज बदलतो.

जुना घ्यायचा असेल तर काय तपासू?

पुणे, मुंबई, हैदराबादला जुने मिळतात. स्वतः जाऊन बघा, कुरिअरने मागवू नका. लॅपटॉप घेऊन जा आणि दाब दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. प्रत्येक पट्टीवर एकेक बोट ठेवून शून्यापासून पूर्ण दाबा. मध्ये कुठे उडी दिसली किंवा एखादी पट्टी अर्ध्यावरच अडली तर ती जागा थकलेली आहे. बोट न लावताही कुठून दाब येतोय का ते एक मिनिट नुसतं बघत बसा. सिलिकॉनला कडेला चीर आहे का, यूएसबीचं तोंड हलतंय का, ते पाहा. कंपनीच्या खात्यावरची नोंदणी तुमच्या नावे बदलून देणार का हे पैसे देण्याआधी विचारा, कारण पुष्कळदा आवाज त्या नोंदणीला जोडलेले असतात. आणि दुरुस्ती इथे होत नाही हे धरूनच भाव करा.

आमच्या खोलीतला ओस्मोस बघायचा असेल तर रविवारी सकाळी या, पेटी सोबत आणा. आधी पेटीवर भाता ऐकू, मग त्यावर बसू.